‘जाड ऑईल द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिका



काउंटरवर ‘नाही’ कसं म्हणायचं, या व्हिडिओत मी इंजिन ऑईलचं उदाहरण दोन मिनिटांत उरकलं. पण हा विषय दोन मिनिटांचा नाही. तुमचं स्पेअर पार्टचं दुकान असो, छोटं गॅरेज असो किंवा नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली असो, हे शांतपणे वाचा.

माझं मत आधीच सांगतो. ‘गाडी जुनी झाली की जाड ऑईल घालायचं’ हा नियम चुकीचा आहे, आणि तो टिकून राहिलाय आपल्यासारख्या दुकानदारांमुळे.

दुकान सुरू करून मला तेव्हा दुसरंच वर्ष होतं. मांजर्लीतलेच एक काका आले. कंपनी बंद पडल्यावर हिशोबाचे जे पैसे मिळाले त्यातून त्यांनी टुरिस्ट परमिटची जुनी डिझेल गाडी घेतली होती. म्हणाले, “इंजिन आवाज करतंय, जाड ऑईल द्या.” माझ्याकडे २०डब्ल्यू-५० चे कॅन स्कीममध्ये पडून होते. दिले. फिल्टरही स्वस्तातला दिला, कारण मार्जिन चांगलं होतं. ना गाडीचं मॉडेल विचारलं, ना मॅन्युअल बघितलं. बीबीएला शिकलो होतो ना, ग्राहक राजा असतो!

साधारण चार महिन्यांनी गाडी गॅरेजच्या दारात उभी दिसली. टर्बो गेला होता, चेन खडखडत होती. ऑईलमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, गाडीची आधीची हिस्टरी कुणालाच माहीत नव्हती. पण काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “जाड मीच मागितलं, पण माहिती तुम्हाला होती ना?”

खरं सांगायचं तर मलाही पूर्ण माहिती नव्हती. म्हणून आता जे माहीत आहे ते लिहितो.

आधी आकड्यांचा अर्थ. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती पटकन वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन गरम झाल्यावरचा जाडपणा. १०० डिग्रीला ३० ग्रेडची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे फरक किरकोळ नाही, जवळपास पावणेदोन पट आहे.

लोक म्हणतात, “बदलापूरला कुठे बर्फ पडतो? मग ५डब्ल्यू कशाला?” बरोबर, बर्फ पडत नाही. पण सकाळी पंचवीस डिग्रीला उभ्या असलेल्या इंजिनातलं ऑईलसुद्धा गरम ऑईलपेक्षा कितीतरी जाड असतं. सेल्फ मारल्यावर ते वरपर्यंत, टर्बोपर्यंत किती लवकर पोहोचतं हाच खरा प्रश्न. नवीन डिझाइनच्या इंजिनांत बेअरिंगमधली फट बारीक असते, चेनचा टेन्शनर बहुतेक ठिकाणी ऑईलच्या प्रेशरवर चालतो. तिथे मॅन्युअलमध्ये नसलेलं जाड ऑईल घातलं तर आवाज थोडा दबतो, रोग बरा होत नाही. म्हणून तर काही विकणारे गाडी दाखवायच्या आधी जाड ऑईल भरतात! आवाजही कमी, धूरही कमी. घेणारा खूश, महिनाभराने रडतो.

मग जाड ऑईल कधीच नाही का? तसं नाही. जुन्या जमान्यातल्या काही गाड्यांना कंपनीनेच २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सांगितलेलं असतं, त्यांना तेच द्या. काही मॅन्युअलमध्ये तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. गाडी खूप चाललेली असेल, ऑईल खात असेल, तर त्या तक्त्यातली वरची पायरी घ्या. तक्त्याच्या बाहेर जाऊ नका.

ग्रेडनंतर दर्जा बघा. एपीआयच्या खुणेत एस ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची, सी ने सुरू होणारी डिझेलची. पेट्रोलमध्ये एसएन २०१० मध्ये आलं, एसपी २०२० मध्ये. मॅन्युअलमध्ये एसएन लिहिलं असेल तर त्याच ग्रेडचं एसपी चालतं, उलटं करू नका. आणि १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांची वेगळी काळजी घ्या. त्यात डीपीएफ असेल तर कमी राखेचं ऑईल लागतं, कॅनवर एसीईए सी२, सी३ असं काहीतरी असतं. नेमकं कोणतं ते मॅन्युअल सांगेल. साधं ऑईल घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साठत जाते, आणि ते बदलायचा खर्च ऐकून गिऱ्हाईक खाली बसतं.

आता फिल्टर. आत कागद असतो, शिवाय एक बायपास व्हॉल्व्ह आणि बऱ्याच फिल्टरमध्ये गाडी बंद असताना ऑईल खाली उतरू न देणारा रबरी व्हॉल्व्ह असतो. स्वस्त फिल्टरमध्ये पहिली काटछाट इथेच होते. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड येते, तेव्हा फिल्टरवरही संशय घ्या. नवीन ऑईल आणि जुना फिल्टर ही तर अंघोळ करून तेच मळके कपडे घालण्यासारखी गोष्ट झाली. दर वेळी दोन्ही बदला, ड्रेन बोल्टचा वॉशरसुद्धा.

किती दिवसांनी? आपल्याकडची गंमत बघा. नोकरी मुंबईला, प्रवास लोकलने. गाडी चालते ती मांजर्ली ते स्टेशन, बाजार, आणि रविवारी जमलं तर बारवी डॅम. म्हणजे किलोमीटर कमी, पण इंजिन नीट तापतच नाही. ऑईलमध्ये पाण्याचा अंश आणि कच्चं इंधन राहून जातं. “दहा हजार झाले नाहीत अजून” हे उत्तर चालणार नाही. मॅन्युअलमध्ये ‘किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं असतं, त्यातले महिने धरा. सेकंडहँड गाडी घेतली आणि आधीच्या सर्व्हिसचं बिल मिळालं नाही, तर पहिल्याच आठवड्यात ऑईल-फिल्टर बदला.

आणि पट्टी काढून बघितल्याशिवाय या भागात गाडी घेऊच नका. उल्हास नदीने २६ जुलै २००५ ला काय केलं ते आपल्याला माहीत आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. पुरात गाड्याही बुडतात, आणि नंतर पॉलिश होऊन विकायला येतात. पट्टीवरचं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर थांबा. पाणी किंवा कूलंट आत गेलंय. पावसाळ्यात फक्त झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल तर ती बऱ्याचदा नुसती वाफ असते, लगेच घाबरू नका. आणि डिझेलचं ऑईल लवकर काळं पडतं, ते काजळी धरून ठेवायचं आपलं काम करत असतं. नुसत्या रंगावरून गाडी नाकारू नका.

आता दुकानदार मित्रांसाठी. माझ्या काउंटरवर आता चार प्रश्न ठरलेत: गाडी आणि वर्ष कोणतं, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय, मागचं ऑईल कधी बदललं, गाडी रोज किती चालते? मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या साईटवर शोधून देतो. बिलावर ग्रेड, तारीख, किलोमीटर लिहितो. सुटं ऑईल ठेवत नाही. रिकाम्या कॅनला गिऱ्हाइकासमोर भोक पाडतो, म्हणजे त्यात डुप्लिकेट भरून तो परत बाजारात येत नाही.

तुम्ही म्हणाल, “मी नाही दिलं तर बाजूचा देईल.” देईल! माझीही गिऱ्हाइकं अशी गेलीत. पण हिशोब करा. समजा चुकीच्या कॅनवर तुम्हाला दोनशे रुपये जास्त सुटले. तेच गिऱ्हाईक वर्षातून दोनदा आलं, पाच वर्षं टिकलं, सोबत फिल्टर, वायपर, बॅटरी घेऊन गेलं, तर ते दोनशे कुठे आणि हे कुठे?

ते काका नंतर दुकानात आले नाहीत. स्टेशनला दिसतात, मी मान हलवतो, तेही हलवतात. त्यांना परत मिळवायचा कोणताही कोर्स माझ्याकडे नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी “जाड द्या” म्हणालं, तर हात कॅनकडे जायच्या आधी विचारा, “गाडी कोणती?”