नाकारलेला छाप

शस्त्रक्रियेची हत्यारं उत्तम उतरली होती. मुंबईतल्या एका नामांकित औषधकंपनीला ती पसंतही होती. अट एवढीच की त्यांवर हिंदुस्थानी बनावटीचा छाप नको. आर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांनी ती अट धुडकावली आणि धंदा बसला. त्याआधी झांझिबारमधली वकिलीही त्यांनी अशाच कारणाने सोडली होती. पक्षकारासाठी खोटं बोलायची त्यांची तयारी नव्हती. मग १८९७ साली लालबागला, गॅस कंपनीशेजारच्या शेडमध्ये त्यांनी कुलपं करायला घेतली. मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून हे सुचलं, आणि भांडवल मेरवानजी कामा यांच्याकडून मिळालं. कामांचे नातलग बॉइस थोडा काळ भागीदार होते; ते गेले, पण कंपनीच्या 'गोदरेज अँड बॉइस' या नावात ते आजतागायत राहिले.

या उद्योगाचे पुढचे सगळे चढउतार मला त्या छापाच्या हट्टाशी जोडलेले दिसतात. स्वदेशीच्या नावाखाली हलका माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याला आर्देशीर यांचा उघड विरोध होता. स्वातंत्र्यलढ्यासाठीच्या टिळक स्वराज्य फंडाला ३ लाख रुपये देणारा माणूस हे बोलत होता, म्हणून त्याला वजन होतं. कुलपांमागून तिजोऱ्या आल्या. १९१८च्या सुमारास त्यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण काढला. ज्यांना चरबी चालत नव्हती त्यांना तो निर्धास्तपणे वापरता आला. आर्देशीर पुढे शेतीच्या ध्यासाने नाशिकला गेले आणि कारखान्याचा विस्तार धाकटे भाऊ पिरोजशा यांनी केला.

१९२३ साली पोलादी कपाट आलं आणि गोदरेज खऱ्या अर्थाने घरात शिरलं. लाकडी कपाटाला वाळवी होती, ट्रंकेला वाकावं लागे. या कपाटाची मूठ फिरवली की वरचा, खालचा आणि मधला अडसर एकदम सरकतो. आत लॉकर, त्याची किल्ली वेगळी. पैठणी, पाटल्या, विम्याचे कागद, सातबाराचे उतारे हे सगळं त्याच्या पोटात. मुलीच्या लग्नात कपाट देणं ही ऐपतीची खूण झाली. किल्ल्यांचा जुडगा सासूकडून सुनेकडे केव्हा येतो यावरून घरातली सत्ता कोणाची ते कळे. भलत्याच कारखान्यातल्या पत्र्याच्या कपाटालाही लोक गोदरेजच म्हणू लागले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या मुंबईतल्याच विक्रोळीच्या त्यांच्या नव्या कारखान्यात तयार झाल्या. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं त्यांचं मत कुलूपबंद राहिलं, हे मला या कारखान्याचं सर्वांत मोठं काम वाटतं. १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आला, १९५८ साली फ्रिज. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून प्रतिज्ञापत्रं बडवणाऱ्या टंकलेखकांची पोटं त्या यंत्रावर भरली.

पण परवाना राज्यात स्पर्धा फारशी नव्हती. जे मिळेल ते घ्यायचं, तेही रांग लावून, अशी गिऱ्हाइकाची गत होती. आर्देशीर यांना हे रुचलं नसतं असं मला वाटतं. १९९१ नंतर बाजार उघडला आणि त्या संरक्षित वर्षांचा हिशेब चुकवावा लागला. जनरल इलेक्ट्रिकशी फ्रिजसाठी भागीदारी झाली, ती टिकली नाही. कोरियन कंपन्यांनी दुकानाचा दर्शनी भाग बळकावला. टाइपरायटरचं उत्पादन २००९ साली थांबलं. शहरी घरं लहान झाली, भिंतीतच प्लायवुडची कपाटं बसली, दागिने बँकेत गेले.

त्या पडत्या काळातला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांतल्या बायकांना विचारून पदार्थ गार ठेवणारी 'छोटूकूल' नावाची पेटी घडवली गेली. झाकण वरून उघडायचं, कॉम्प्रेसर नाही, बॅटरीवरही चालणारी, किंमत सुमारे ३,२५० रुपये. खेड्यात ती अपेक्षेइतकी खपली नाही. तरीही ज्या घरात फ्रिज पोचलेलाच नाही तिथे जाऊन गरज विचारणं, हे आर्देशीर यांच्या वळणाचं काम होतं.

एप्रिल २०२४ मध्ये घराण्याची वाटणी जाहीर झाली. साबण, रसायनं आणि घरबांधणी हे व्यवसाय आदी व नादिर गोदरेज यांच्याकडे गेले. गोदरेज अँड बॉइस आणि विक्रोळीची विस्तीर्ण जमीन जमशेद गोदरेज व स्मिता कृष्णा यांच्याकडे राहिली. त्या जमिनीला आज जो भाव आहे, तो कुठलंही कपाट किंवा कुलूप विकून मिळणार नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी टॉवर कसे उभे राहिले ते मुंबईने पाहिलंच आहे. विक्रोळीत अजून लेथ फिरतात, पोलाद वाकवणारे हात आहेत, आणि इस्रोच्या विकास इंजिनाचे भागही तिथे जुळवले जातात. तिथले टॉवर कितीही उंच होवोत, ती कार्यशाळा तिथून हलू नये, एवढी माझी मालकांकडे मागणी आहे.