निरोप समारंभाचे अंदाजपत्रक

जानेवारी सरत आला की शाळाशाळांतून दहावीच्या निरोप समारंभाची लगबग सुरू होते. पूर्वी फळ्यावरची रंगीत खडूची नक्षी, दोन भाषणे आणि थोडा अल्पोपहार एवढ्यावर तो साजरा होत असे. आता फुग्यांची कमान येते, छायाचित्रांसाठी सजवलेला पडदा येतो आणि कित्येकदा हे सारे करून देणारा व्यावसायिकही येतो. पैसे पालकांचे, कष्ट व्यावसायिकाचे. विद्यार्थ्यांच्या वाट्याला उरते ते केवळ नटणे. समारंभ योजण्याचे जे शिक्षण सहज पदरात पडले असते, ते तसेच निसटून जाते.

या शिक्षणाचा आरंभ वर्गणीपासून होतो, आणि चूकही बहुधा तिथेच होते. आधी बेत ठरतो, मग खर्च काढला जातो आणि शेवटी त्याचे सारखे भाग पाडून प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहिला जातो. चाळीस जणांच्या वर्गात दोनशे रुपये ज्यांना किरकोळ वाटतात, त्यांच्याच मताने तो आकडा ठरतो. ज्याला घरी मागणे जड जाते तो मुलगा काही बोलत नाही. समारंभाच्या दिवशी त्याला ताप येतो. इतकी वर्षे शेजारी बसलेला सोबती शेवटच्या दिवशी का आला नाही, हे पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून क्रम उलटा हवा. प्रत्येकाने बंद पाकीट, नाव न घालता, वर्गशिक्षकांकडे द्यावे. आत किती ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. रिकामे पाकीटही चालावे. समजा, अपेक्षित ८,००० ऐवजी ६,८०० रुपये जमले. अंदाजपत्रक आता या रकमेवर बेतायचे. चाळीस विद्यार्थी आणि पाच शिक्षक मिळून पंचेचाळीस ताटल्या; शंभर रुपये दराने ४,५०० झाले. शिक्षकांच्या भेटींसाठी ७००, ध्वनिक्षेपकाला ५००, सजावटीला ४०० आणि ऐन वेळच्या खर्चासाठी ७०० राखीव. कात्री सजावटीला लागली, ताटलीला नाही. यावर मुलांत वाद होईल. तो होऊ द्यावा. शिक्षकांनी फक्त बेरीज तपासावी. सजावटीत थर्माकोल मात्र नको. १ जुलै २०२२ पासून देशभर त्यावर बंदी आहे.

वेळेचे गणित शेवटाकडून मांडायचे असते. फेब्रुवारीच्या आरंभी आपल्याकडे सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. वर्गात चौविहार करणारे असतील तर खाणे साडेपाचला वाढले गेले पाहिजे. त्यासाठी भाषणे सव्वापाचला संपावीत, कार्यक्रम तीनला सुरू व्हावा आणि खुर्च्या दोनलाच मांडून झालेल्या असाव्यात. खाण्याची यादी करतानाही नुसती संख्या विचारून भागत नाही. कोणाला काय चालत नाही, हे आधी विचारावे लागते. बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून, कांदा-लसणाशिवाय पावभाजी केली तर जैन मुलांसाठी वेगळे टेबल मांडावे लागत नाही. सगळा वर्ग एकाच पातेल्यातले खातो. आचाऱ्याला हे आठवडाभर आधी, लिहून दिलेले बरे. तोंडी निरोप स्वयंपाकघरापर्यंत पोहोचेलच असे नाही.

बँकेतला एक साधा नियम इथेही उपयोगी पडतो: रोख ज्याच्या हाती, वही त्याच्या हाती नसावी. पैसे एका विद्यार्थ्याने द्यावेत, नोंद दुसऱ्याने करावी आणि रोज शाळा सुटताना दोघांनी मिळून शिल्लक मोजावी. यात कोणावर अविश्वास नाही. उलट दहा रुपये कमी भरले तर दोघांचीही अब्रू राहते. आचाऱ्याला सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. थोडा विसार द्यावा, बाकीची काम झाल्यावर, आणि दोन्ही वेळा पावती घ्यावी.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी जमाखर्चाचा कागद वर्गाच्या भिंतीवर लागावा. त्यात जमेच्या बाजूला एकच आकडा असेल, कोणाचेही नाव नसेल. खर्चाच्या बाजूला सुतळी आणि टाचण्यांचे साठ रुपये असतील आणि त्यांची पावती हरवली असेल, तर ‘पावती उपलब्ध नाही’ असे स्वच्छ अक्षरात लिहून दोघांनी खाली सह्या कराव्यात.