आवाजालाही समास हवा

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण अर्ध्यावर सोडून जाऊ नका. विषय आहे कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगचा. माझं म्हणणं एवढंच की आपण रेकॉर्डिंग करताना आवाज फार चढा ठेवतो.

निवृत्तीनंतर आमच्या गावच्या संगीत मंडळाचा मिक्सर माझ्याकडे आला (का, तर मास्तर रिकामे आहेत!). पुढे साधा मिक्सर जाऊन डिजिटल आला. यंत्र बदललं, सवयी मात्र कॅसेटच्याच राहिल्या. कॅसेटला मुळातच 'स्स्स' असा आवाज असायचा. त्यात गाणं बुडू नये म्हणून काटा लाल पट्टीला टेकेपर्यंत आवाज चढवायचा, हे तेव्हा बरोबरच होतं. काटा थोडा पुढे गेला तरी टेप सांभाळून घ्यायची. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत, आणि मोजणी तिथून खाली, उण्यात. छताच्या वर आकडाच नाही. त्यामुळे वर जाणाऱ्या लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. सॉफ्टवेअर ते माथे अंदाजाने जोडून देतं म्हणे, पण अंदाज तो अंदाजच.

शेजारच्या एका गावी एका वयोवृद्ध बुवांचं कीर्तन झालं. रेकॉर्डिंग करणाऱ्याने नमनाच्या वेळी आवाज जुळवला आणि पुढे मान वर करून पाहिलं नाही. पूर्वरंगातलं निरूपण छान आलंय. उत्तररंगात आख्यान रंगलं, बुवांनी आवाज लावला, झांजा आल्या, आणि तिथून पुढे नुसती खरखर. सहा महिन्यांत बुवा गेले. त्यांच्या मुलीने ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आणलं होतं, "सर, काही करता येईल का?" म्हणून. काय करणार?

शाळेत मुलांना आम्ही वहीला समास सोडायला लावायचो. तसाच आवाजालाही वरच्या बाजूला सोडायला हवा. एरवीचं गाणं किंवा बोलणं उणे १८ च्या आसपास राहावं आणि मोठ्यात मोठा आवाजसुद्धा उणे ६ च्या वर जाऊ नये. उणे १८ हा आकडा माझ्या मनचा नाही. युरोपातल्या प्रसारण संस्थांनी आवाज जुळवायला तोच धरला आहे, अमेरिकेत उणे २० धरतात.

"पण सर, कमी घेतलं तर दर्जा जातो ना?" हा प्रश्न दर वेळी येतो. तर हिशोब करू. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. उणे १८ ला राहिलो तर ३ बिट वाया गेले. २४ बिटचं रेकॉर्डिंग असेल तर उरले २१. आपण ज्या सीडीवर खूश होतो ती १६ बिटची! (रेकॉर्डिंग २४ बिटवर लावलंय ना, हे मात्र आधी बघा.)

दुसरा घोळ गेन आणि फेडरचा. गेन म्हणजे माइकचा आवाज आत घेतानाचा नळ, फेडर म्हणजे पुढे सोडतानाचा. गेनपाशीच आवाज फाटला तर फेडर कितीही खाली ओढा, फाटलेलाच आवाज हळू ऐकू येईल. शिवाय यूएसबीने कॉम्प्युटरवर प्रत्येक माइक वेगळा घेतला तर तो बहुधा गेननंतर लगेच उचललेला असतो, फेडरचा त्याच्याशी संबंधच नसतो. पेनड्राइव्हवर मात्र सहसा सभागृहात जातं तेच मिश्रण उतरतं. छोट्या सभागृहात तबला माइकशिवायही खणखणीत ऐकू येतो, म्हणून आपण त्याचा फेडर खाली ठेवतो. मग घरी ऐकताना तबला कुठे गेला, असा प्रश्न पडतो.

आणि जुळवणी करताना गायक नुसतं गुणगुणतात हे लक्षात ठेवा. मी सरळ विनंती करतो, "बुवा, तार सप्तकात एकदा जोरात या." त्यावर बेतून गेन लावायचा आणि मग हात मांडीवर! काही उत्साही लोक मैफलभर गेन खालीवर करत बसतात. ख्याल विलंबितातून चढत जातो तो चढ ऐकण्यासाठीच ना? यांनी तो रस्त्यावरच्या खड्ड्यासारखा बुजवून टाकलेला असतो.

हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर मिळतात, त्यांत ही चिंता बरीच कमी होते. पण आमच्यासारख्या मंडळांना आहे तोच मिक्सर अजून काही वर्षं ओढायचा आहे.

कार्यक्रमानंतर कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, आवाज बारीक आलाय." त्यांच्या हातातल्या मोबाइलला आवाज वाढवायचं बटण कुठे असतं, ते मी प्रेमाने दाखवतो.