कायद्याच्या राज्याची कसोटी

कायद्याच्या राज्याचे मोल निर्वासितांमध्ये काम करणाऱ्याला जितके उमगते, तितके सामान्य नागरिकाला उमगत नाही. पूर्व पाकिस्तानातील काप्ताई धरणाने विस्थापित केलेले चकमा १९६४ पासून आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविले गेले. पुढे त्यांना हुसकावण्याच्या धमक्या आल्या; त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज स्थानिक अधिकाऱ्यांनीच अडवून ठेवले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्वाळा दिला की, जीविताचे संरक्षण केवळ नागरिकाला नव्हे, प्रत्येक व्यक्तीला आहे. तरीही २०१५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. ज्याच्या हाती मत नाही, त्याचा कागद पुढे सरकतो की नाही, हीच खरी कसोटी होय. त्याचा कागद अडविणारे टेबल उद्या नागरिकाचाही अडवील, हे विसरून चालणार नाही.