निकाल आधी, बोलणं मागाहून

2025च्या जुलैत मीरा रोडचं नाव देशभर गाजलं ते एका थपडेमुळे. मराठी बोलण्यावरून वाद झाला, मनसेच्या कार्यकर्त्यांनी एका दुकानदाराला मारलं आणि व्हिडिओ फिरला. 3 तारखेला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. 8 तारखेच्या मराठी मोर्चाला मात्र परवानगी नाकारून पोलिसांनी माणसं गाड्यांत भरली. तेव्हापासून इथल्या टपऱ्यांवर एक युक्तिवाद ऐकू येतो: हात उचलला म्हणूनच हिंदीच्या प्रश्नावर सरकार हललं, गोड बोलून काय मिळालं होतं?

तारखा पाहिल्या तर हा युक्तिवाद उभाच राहत नाही. पहिलीपासून हिंदी आणणारे शासन निर्णय सरकारने 29 जूनला रद्द केले होते. व्हिडिओ गाजला तो त्यानंतर. शिक्षक, पालक, लेखक यांनी एप्रिलपासून विषय लावून धरला होता आणि 5 जुलैच्या मोर्चासाठी उद्धव आणि राज हे दोन्ही ठाकरे एकत्र येणार होते. थपडेची कमाई एवढीच, की तोवर चर्चा सहा वर्षांच्या पोरावर किती भाषा लादायच्या याची होती, ती एका रात्रीत मराठी माणसाच्या गुंडगिरीची झाली.

अर्थात ‘मराठीचा आग्रह धरतो तो गुंडच’ हा निकालही तितक्याच घाईचा. 8 तारखेला रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी कुणावर हात उचलला नव्हता. व्यापाऱ्यांना मोर्चा काढता येतो तर आम्हाला का नाही, एवढंच त्या विचारत होत्या, आणि प्रश्न रास्त होता.

पण ज्या घाईने मराठीचं सर्वांत जास्त नुकसान होतं, तिचा व्हिडिओ कुणी काढत नाही. आपण दुकानात शिरतो, गल्ल्यावरचा चेहरा बघतो आणि त्याने तोंड उघडण्याआधीच ‘भैया, कितना हुआ?’ म्हणतो. त्याला मराठी येत नाही हे आपणच ठरवून टाकतो. त्याचं पोर मराठीचं पुस्तक दप्तरात घेऊन शाळेत जातं. 2020च्या कायद्याने मराठी सगळ्याच शाळांत सक्तीची आहे. गिऱ्हाईकाने एकदा मराठीत विचारलं असतं तर बापाआधी त्यानेच उत्तर दिलं असतं. मारणारा आणि हिंदीवर घसरणारा, दोघांनीही समोरच्याला संधी न देताच नापास केलेलं असतं.

याच्या उलट वागणारी माणसं याच मीरा-भाईंदरमध्ये आहेत. भाईंदरच्या बाजारात उत्तनच्या कोळणीपुढे जरा उभे राहा. ‘कितने का है?’ ‘शंभरला वाटा, ताजा हाय.’ ‘अस्सी में दो ना.’ ‘नाय परवडत भाऊ, नव्वद दे.’ ती चिडत नाही, हिंदीवरही येत नाही. बोटांनी नऊ दाखवते आणि बोंबील पिशवीत टाकते. पुढच्या खेपेला गिऱ्हाईक ‘नव्वद?’ म्हणतं. याला मी प्रभाव म्हणतो. थपडेने बसतो तो वचक, आणि वचक मारणाऱ्याची पाठ फिरली की संपतो.

गंमत अशी की याच कोळणीचं आडनाव नुसतं कागदावर वाचलं, तर आपल्यातलेच काही जण तिला मराठीबाहेर काढतील. उत्तनच्या अनेक घरांची आडनावं पोर्तुगीज वळणाची, बोली मात्र अस्सल मराठी. खाडीपलीकडच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना हेच भोगावं लागलं. बायबल सुबोध मराठीत आणलेला हा माणूस 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचं पानभर तरी वाचलं होतं, देव जाणे.

‘म्हणजे आम्ही फक्त हसतमुख राहायचं?’ मुळीच नाही. दुकानावर मराठी पाटी हवी हा कायदा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली ती लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. पाटी नसेल तर महापालिकेत तक्रार करा, दाद लागेपर्यंत खेटे घाला. बँकेत मराठी अर्ज मागा आणि तो मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. मागे रांग कुरकुरली तरी चालेल. ज्यांना थपडेचं कौतुक वाटतं, त्यांनी निदान एवढं सांगावं, की आज सकाळी रिक्षात बसताना त्यांनी ठिकाण कुठल्या भाषेत सांगितलं.