भाषेच्या अंगणात : कानाला एक, डोळ्याला दोन

'दिन' आणि 'दीन' बोलताना आपण बहुधा सारखेच बोलतो. लिहिताना मात्र वेलांटी चुकली की दिवसाचा गरीब होतो. गोव्यातले 1961 पूर्वीचे बरेच सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये आहेत आणि त्या भाषेत अशा जोड्या पुष्कळ. पणजोबांची जन्मनोंद किंवा घराचे खरेदीखत वाचायचे, तर त्या ओळखता आल्या पाहिजेत.

'सें' हा उच्चार घ्या. 'सी'ने लिहिला तर शंभर, 'एस'ने लिहिला तर 'विना'. 'ताशा' 'एक्स'ने लिहिला तर शुल्क, 'सीएच'ने लिहिला तर छोटा खिळा. 'असेंतु'मध्ये दोन 'एस' असतील तर बसायची जागा किंवा दप्तरातली नोंद. एक 'सी' असेल तर अक्षरावरची आघाताची खूण. 'कोंसेर्तु' 'एस'ने म्हणजे दुरुस्ती, 'सी'ने म्हणजे संगीताची मैफल. व्हायोलिन कारागिराकडे न्यायचे की ऐकायला जायचे, ते एका अक्षरावर ठरते!

असे का झाले? कारण हे उच्चार पूर्वी खरोखरच वेगळे होते. मध्ययुगात 'सें'मधल्या 'सी'चा उच्चार आपल्या 'चूल'मधल्या 'च'च्या जवळचा होता, 'झेड'चा 'जर'मधल्या 'ज'च्या जवळचा. पुढे बोलण्यातले भेद मिटले, लेखनातले राहिले. आपल्या 'ष'चेही तसेच आहे ना? जिभेने सोडला, लेखणीने धरून ठेवला.

मग लक्षात कसे ठेवायचे? घोकू नका, शब्दाचे नातलग शोधा. 'कुझेर' 'झेड'ने म्हणजे शिजवणे, 'एस'ने म्हणजे शिवणे. स्वयंपाकघराला 'कुझीन्या' म्हणतात, त्यातही 'झेड' आहे. कोंकणीतला 'कुजनेर', म्हणजे स्वयंपाकी, याच घरचा. शिवणकाम म्हणजे 'कुश्तुरा', त्यात 'एस' आहे. शंभराचा नातलग 'पुर सेंतु', म्हणजे शेकडा; तिथे 'सी'च.

आडनावांची गोष्ट मात्र वेगळी. 1911 साली पोर्तुगालने शुद्धलेखनाचे नियम बदलले. 'सौझा' पूर्वी 'झेड'ने लिहीत, नव्या नियमाने त्यात 'एस' आला. गोव्यात जुना 'झेड' आजही भरपूर दिसतो. म्हणून दोन कागदांवर हे आडनाव दोन तऱ्हांनी दिसले, तर लगेच दोन घराणी समजू नका. उलट 'असेंतु'सारख्या शब्दात अक्षर बदलले, तर अर्थच बदलला म्हणून समजा.

तेव्हा जुना कागद उतरवून घेताना एक पथ्य पाळा. कोणी वाचून दाखवले म्हणून कानावर विसंबू नका आणि आपल्या मनाने 'सुधारणा'ही करू नका. जे अक्षर दिसते, तेच उतरवा. अर्थ मागाहून लावता येतो. बदललेले अक्षर पुढच्या पिढीला सापडत नाही.