गल्ल्यावर बसण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की मुंबईच्या उपनगरांतील व्यापारी घरांत एक निर्णय होतो, मात्र त्याची चर्चा क्वचितच होते. घाटकोपरची कापडाची पेढी असो, मुलुंडचे हार्डवेअरचे दुकान असो, बोरिवलीचे किराणा-भुसाराचे दुकान असो वा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहानसा कारखाना असो, मुलगा ‘आता मोकळा झाला’ असे घरातील सर्वजण गृहीत धरतात. सकाळचे वाणिज्य महाविद्यालय आणि दुपारपासून दुकान अशी घडी बसते. तीन वर्षांनी पदवी हाती येते. परंतु वर्गात तो पूर्ण वेळ नसतो आणि दुकानातही त्याच्याकडे कोणतेही काम पूर्णपणे सोपवलेले नसते. विशीच्या उंबरठ्यावर त्याला ना अभ्यासाचा आत्मविश्वास असतो, ना व्यवहाराचा.

यावर ‘आमच्या घराण्यात सर्व जण असेच शिकले’ असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. काम करीत शिकणे ही आपल्या समाजाची जुनी परंपराच आहे. परंतु काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याची एक रीत असते. ती ज्यांनी महाराष्ट्राला घालून दिली ते कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुटुंबातच जन्मले होते, याचे स्मरण येथे उचित ठरेल.

कर्मवीरांची रीत

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे झाला. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण मॅट्रिकच्या आतच थांबले. पुढे साताऱ्यात शिकवण्या करून आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री करीत गावोगाव फिरून त्यांनी उपजीविका केली. 1919 साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही विकले. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाविद्यालयीन शिक्षणात रुजली.

या योजनेचे मर्म व्यापारी पालकांनी बारकाईने पाहण्याजोगे आहे. विद्यार्थी श्रम करीत, ते आपल्या शिक्षणासाठी. त्या श्रमांना वेळेची मर्यादा होती आणि त्यांचे मोल विद्यार्थ्याच्या खर्चाकडे वळत असे. काम अभ्यासाची जागा घेत नसे, ते अभ्यास शक्य करीत असे. दुकानात बसणाऱ्या आपल्या मुलाला हीच कसोटी लावून पाहावी. त्याच्या कामाचे तास ठरलेले आहेत काय? त्याला मोबदला मिळतो काय? परीक्षेच्या महिन्यात त्याला सुटी मिळते काय? ही उत्तरे नकारार्थी असतील, तर त्या व्यवस्थेला ‘कमवा आणि शिका’ म्हणता येणार नाही. तो केवळ बिनपगारी मदतनीस ठरतो.

मुंबईतही समाजाने हा संक्रमणकाळ पूर्वी गांभीर्याने घेतला होता. शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या दानातून उभे राहिलेले ताडदेवचे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग आणि आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने 1915 मध्ये स्थापन झालेले श्री महावीर जैन विद्यालय या संस्थांमागे एकच विचार होता. शाळा संपवून महानगरात उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या मुलाला छप्पर, जेवण आणि वडीलधाऱ्यांची नजर मिळाली, तर तो शिक्षण अर्ध्यावर सोडत नाही. आज उपनगरातील मुलाकडे छप्पर आणि जेवण दोन्ही आहे. उणीव आहे ती त्याच्याशी शांतपणे बसून बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांची.

वेळेत पाहण्याची कागदपत्रे

काही बाबी निकालानंतर नव्हे, त्यापूर्वीच पाहाव्या लागतात. केंद्र सरकारने 27 जानेवारी 2014 च्या अधिसूचनेद्वारे जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा दिला. अल्पसंख्याक कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीच्या 50 टक्के जागा त्या त्या समाजासाठी राखीव असतात. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. संस्था धार्मिक अल्पसंख्याक आहे की भाषिक, यावर पात्रता ठरते. गुजराती भाषिक संस्थेतील राखीव जागा केवळ जैन असल्यामुळे मराठी भाषक विद्यार्थ्याला मिळत नाही. शाळेच्या दाखल्यावरील धर्माच्या रकान्यातील नोंदही तपासून घ्यावी. अनेक दाखल्यांवर ‘हिंदू-जैन’ असे लिहिलेले आढळते. ही दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असतानाच करून घेणे इष्ट, कारण शाळा सोडल्यानंतर ती फार अवघड होते.

बारावीनंतर बीबीए, बीएमएस, बीसीए यांसारख्या अभ्यासक्रमांकडे व्यापारी घरांतील मुलांचा ओढा असतो. 2024-25 पासून या अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. तिची नोंदणी निकालाच्या बरीच आधी असते. ज्या घरात हे जूनमध्ये कळते, तेथे एक वाट आधीच बंद झालेली असते. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांनी हेही जाणावे की 2023 पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. दुसऱ्याच्या कार्यालयात, दुसऱ्याच्या शिस्तीखाली घालवलेली ही दोन वर्षे पुढे स्वतःच्या पेढीलाही उपयोगी पडतात.

सर्वांनी वाणिज्य शाखेकडेच जावे असा नियम नाही. ज्याचा हात यंत्रावर बसतो, त्याला दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका किंवा मुलुंड, बोरिवली येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा मार्ग खुला आहे. लहान कारखाना चालविणाऱ्या कुटुंबाने याला कमीपणा मानू नये. लेथ यंत्राची जाण असलेला मालक कारागिराकडून फसविला जात नाही.

आणि दुकानाला मुलाची खरोखरीच दिवसभर गरज असेल, तर ते स्पष्ट मान्य करावे. नियमित महाविद्यालयात 75 टक्के उपस्थितीची अट असताना नावापुरता प्रवेश घेऊन तिला पळवाटा शोधण्यापेक्षा मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण केंद्रातून अथवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. खोट्या हजेरीने ज्याच्या प्रौढ जीवनाचा आरंभ होतो, त्याला पुढे वहीतील खोटी नोंद वावगी वाटत नाही.

अठरावा वाढदिवस आणि भागीदारीचा कायदा

व्यापारी घरासाठी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब निराळीच आहे. आजोबा वा काका यांच्या निधनानंतर अज्ञान नातवाला कौटुंबिक भागीदारी पेढीच्या लाभात सामील करून घेण्याची प्रथा आहे आणि भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 मधील कलम 30 तिला मान्यता देते. अज्ञान असेपर्यंत पेढीच्या देण्यांसाठी त्याचा केवळ पेढीतील हिस्सा जबाबदार असतो. त्याची वैयक्तिक मालमत्ता सुरक्षित राहते.

अठरा वर्षे पूर्ण होताच चित्र पालटते. सज्ञान झाल्यापासून, किंवा आपण पेढीच्या लाभात सामील आहोत हे त्याला कळल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून सहा महिन्यांच्या आत त्याने जाहीर सूचना देऊन भागीदार व्हायचे की नाही हे कळवायचे असते. सूचना दिली नाही, तर सहा महिने संपताच तो कायद्याने भागीदार होतो. मग त्याची जबाबदारी पुढील व्यवहारांपुरतीच उरत नाही. ज्या दिवशी त्याला लाभात सामील करून घेतले, त्या दिवसापासूनच्या पेढीच्या देण्यांसाठी तो त्रयस्थांना वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरतो.

बारावीचा अभ्यास, प्रवेशाची धावपळ आणि महाविद्यालयाचे पहिले सत्र हे सारे नेमके याच सहा महिन्यांत येते. अशा वेळी कोणीही काही न बोलता तो मुलगा बँकेच्या थकीत कर्जाचा आणि पुरवठादारांच्या देण्याचा वाटेकरी होऊन बसतो. म्हणून सतराव्या वर्षीच भागीदारीपत्र त्याच्यासमोर ठेवावे, मागील तीन वर्षांचे ताळेबंद त्याला वाचायला द्यावेत आणि घराबाहेरील एखाद्या लेखापालाकडून ते समजावून घेऊ द्यावेत. तो ‘नाही’ म्हणाला तर तो अपमान मानू नये. कायद्याने विचारासाठी सहा महिने दिले आहेत, घरानेही निदान तेवढे द्यावेत.

याच सुमारास अज्ञान म्हणून उघडलेल्या बँक खात्यासाठी नवी सही आणि ओळखपत्रांची पूर्तता करावी लागते, तसेच अज्ञानपणी काढलेल्या पॅन कार्डावर छायाचित्र व सही घालून घ्यावी लागते. ही कामे वडिलांनी उरकून टाकू नयेत. मुलाला स्वतः शाखेत पाठवावे. रांगेत उभे राहून स्वतःच्या नावाचा अर्ज भरणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

शुल्क कोठून द्यावे

शिक्षणासाठी कर्ज घेणे व्यापारी पालकांना रुचत नाही, आणि म्हणून शुल्क अनेकदा पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यातून भरले जाते. हे हितावह नाही. ते खाते मालाच्या आणि उधारीच्या फिरत्या भांडवलासाठी असते. त्यातून चार वर्षांचे शुल्क गेले की हंगामात माल उचलायला मर्यादा अपुरी पडते आणि त्याचा दोष मात्र मुलाच्या शिक्षणाला दिला जातो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाख रुपयांपर्यंत पालकाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. विद्यार्थी कर्जदार आणि पालक सहकर्जदार असतो. स्वतःच्या नावावरचे कर्ज फेडलेला तरुण पुढे दुसऱ्याला उधारी देताना विचार करतो.

मुलींविषयीही

या साऱ्या विवेचनात ‘मुलगा’ हा शब्द वारंवार आला. तो अनेक घरांतील प्रत्यक्ष स्थितीला धरून आहे, न्यायाला धरून नव्हे. मुलीला पदवीपर्यंत निर्वेध शिकू दिले जाते, परंतु वह्या मात्र तिच्यासमोर उघडल्या जात नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी मुलाइतकीच सहदायाद झाली आहे. जी हिस्सेदार आहे, तिला हिशेब ठाऊक असलाच पाहिजे. बारावीनंतरच्या सुटीत वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र कसे भरतात हे भावाला शिकविताना बहिणीचीही खुर्ची शेजारी असावी.

जूनमध्ये नवे वर्ग सुरू होतील. त्यापूर्वी एखाद्या रविवारी दुकानाचे शटर उतरल्यावर आईवडिलांनी मुलाला वा मुलीला समोर बसवावे आणि तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: अभ्यासाचे तास कोणते, कामाचे तास व त्यांचा पगार किती, आणि पदवीनंतर निदान एक वर्ष दुसऱ्याच्या पेढीत वा कार्यालयात काम करण्याची मुभा आहे की नाही. पगार बँक खात्यातूनच द्यावा. खाली तिघांनी सह्या कराव्यात. ज्या घरात परक्या व्यापाऱ्याशी होणारा प्रत्येक सौदा चिठ्ठीवर उतरतो, त्या घराला स्वतःच्या अपत्याशी केलेला करार लिहिणे जड जाऊ नये.